घटक ५ : पाहुण्यासाठी मैदान – जालना परिसरातील खेळ, विरंगुळा आणि माहितीपर मराठी

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :
• आपल्या गावी आलेल्या पाहुण्याला खेळ व विरंगुळ्याचे कोणते पर्याय उपलब्ध आहेत, याची नेमकी माहिती मराठीत देणे.
• चालणे, कुस्ती, मैदानी खेळ व पोहणे या क्षेत्रांतील शब्दांच्या अर्थच्छटा ओळखणे.
• खेळांच्या शब्दसंग्रहातील संस्कृतोद्भव, फारसी-अरबी, द्राविडी व नवघटित शब्दांचे थर सांगणे.
• माहितीपर मजकुरातील भाषिक दोष शोधून तो मजकूर पुन्हा लिहिणे.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण सूचना व निवेदन यांच्या भाषेचा विचार केला. या घटकात माहितीपर लेखनाचा एक विशिष्ट प्रकार पाहावयाचा आहे. परगावाहून आलेल्या माणसाला ‘आमच्या गावात आपण मोकळा वेळ कसा घालवाल’ हे सांगणारा मजकूर म्हणजे हा प्रकार होय. उदाहरणासाठी जालना शहर व जिल्हा निवडला आहे. ही निवड जाणीवपूर्वक केली आहे. समुद्रकिनारा, थंड हवेचे ठिकाण किंवा जगप्रसिद्ध लेणी असलेल्या गावाविषयी लिहिणे सोपे असते. तेथे स्थळच लेखकाला सांभाळून घेते. ‘आमच्याकडे पाहण्यासारखे काही नाही’ असे ज्या गावाचे लोकच म्हणतात, त्या गावाविषयी लिहिताना लेखकाच्या भाषेची खरी परीक्षा होते.

जालन्यात येणारा पाहुणा बहुधा पर्यटक नसतो. तो बियाण्यांचा व्यापारी असतो, पोलाद कारखान्यात कामासाठी आलेला तंत्रज्ञ असतो, परीक्षेला आलेला उमेदवार असतो, किंवा लग्नाला आलेली आतेबहीण असते. त्याच्या हाती एक सकाळ असते, एखादी संध्याकाळ असते. ‘येथे काय पाहावे’ यापेक्षा ‘येथे काय करता येईल’ हा प्रश्न त्याला अधिक जवळचा असतो. आणि जे करता येते, ते तिकीट काढून मिळत नाही. ते तलावाकाठी, तालमीत, शाळेच्या मैदानावर, जत्रेच्या फडात आधीपासून चाललेले असते. पाहुण्याला तेथे प्रवेश मिळतो तो शब्दांच्या आधारे. काय म्हणून विचारावे, कोणाला विचारावे आणि कोठे थांबावे, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. ते सांगणारा मजकूर आपल्याला लिहावयाचा आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ चालणे : एक क्रिया, अनेक शब्द

जालना शहर कुंडलिका नदीच्या दोन्ही अंगांस वसले आहे. जुना जालना आणि नवा जालना (कादराबाद) असे दोन भाग आजही बोलण्यात येतात. शहरालगत मोती तलाव आणि मोती बाग आहे. पाहुण्याला सकाळी सहज करता येण्याजोगी पहिली गोष्ट म्हणजे या परिसरात चालणे. परंतु ‘चालणे’ हे क्रियापद माहितीपर मजकुरात पुरेसे नसते. मराठीत चालण्यासाठी कितीतरी शब्द आहेत आणि प्रत्येक शब्द अंतर, श्रम, हेतू व मनाची तयारी यांविषयी काही वेगळे सांगतो.

फेरफटका : जवळपासच, ठरावीक काम नसताना, निघाल्या जागी परत येण्यासाठी. मोती तलावाच्या परिसरासाठी हाच शब्द योग्य. आपण फेरफटका ‘मारतो’.

शतपावली : जेवणानंतरचे सावकाश चालणे, बहुधा अंगणात किंवा घरासमोर. पावले शंभरच असावीत असा आग्रह कोणी धरत नाही. शतपावली ‘घालतो’ किंवा ‘करतो’.

रपेट : घोड्यावरून किंवा वाहनावरून मारलेली वेगाची फेरी. सायकलवरून फिरण्यासाठी हा शब्द आजही चांगला शोभतो.

भटकंती : मार्ग पक्का नसलेले, हौसेने केलेले फिरणे. ‘उगाच भटकू नकोस’ या वाक्यात मूळ धातूला निंदेची छटा आहे. ‘भटकंती’ या नामाने मात्र ती छटा टाकून देऊन छंदाचा अर्थ स्वीकारला आहे. अर्थाच्या अशा उन्नयनाचे हे उत्तम उदाहरण होय.

पदभ्रमण : आखीव, सामूहिक, बहुधा संस्थेने आयोजित केलेले. हा तत्सम शब्द कार्यक्रमपत्रिकेत आढळतो, घरगुती बोलण्यात नाही.

वारी : नेमाने व श्रद्धेने केलेला प्रवास. येथे अंतर मोजले जात नाही, नेम मोजला जातो.

पायपीट : नाइलाजाने, थकवणारे आणि अनेकदा निष्फळ ठरणारे चालणे.

आता हे शब्द जिल्ह्याच्या नकाशावर ठेवून पाहू. जालन्याच्या उत्तरेस सुमारे २५ किलोमीटरवर भोकरदन तालुक्यात राजूर येथे गणपतीचे देवस्थान आहे. अंगारकी चतुर्थीला अनेक भाविक तेथे पायी जातात. पाहुण्याला या चालण्यात सामील होता येते. परंतु त्याचे वर्णन ‘पदभ्रमण’ असे केले, तर चालणाऱ्या भाविकाला ते परके वाटेल. ‘राजूरला पायी जाणे’ हा लोकांच्या तोंडचा साधा प्रयोगच येथे अचूक आहे.

जालन्याच्या दक्षिणेस अंबड येथे मत्स्योदरी देवीचे मंदिर आहे. ज्या टेकडीवर ते आहे, तिचा आकार माशासारखा असल्याचे सांगितले जाते आणि मत्स्य व उदर या दोन शब्दांपासून ‘मत्स्योदरी’ हे नाव झाले आहे. नवरात्रात येथे मोठी यात्रा भरते. ज्याला शांतपणे टेकडी चढावयाची आहे, त्याला यात्रेचे दिवस टाळण्यास सांगणे हे माहिती देणाऱ्याचे कर्तव्य ठरते. ज्याला यात्रा पाहावयाची आहे, त्याला उलट सल्ला द्यावा लागेल. माहिती एकच असली तरी पाहुण्याच्या हेतूनुसार तिची मांडणी बदलते.

जिल्ह्याच्या उत्तर भागात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे शिंदे व भोसले यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्ली याच्या नेतृत्वाखालील इंग्रज फौज यांच्यात लढाई झाली. इतिहासाची आवड असलेल्या पाहुण्याला केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात अर्धा दिवस पायी फिरता येते. या लढाईतील एक प्रसंग भाषेच्या अभ्यासकालाही उपयोगी आहे. नदी ओलांडण्याजोगी जागा जवळपास नाही, असे वाटाड्यांनी सांगितले होते. वेलस्लीने पाहिले की नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे आहेत. त्या अर्थी त्यांच्यामध्ये जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे. त्याचा तर्क खरा ठरला. नदीतील अशा उथळ, पायी ओलांडण्याजोग्या जागेला मराठीत ‘उतार’ म्हणतात. ‘नदीला उतार आहे’ हे वाक्य आज अनेक तरुण वाचक ‘नदी उताराने वाहते’ असे समजतील. पूल झाले आणि शब्दाचा जुना अर्थ मागे पडला. लढाईच्या जागेची माहिती लिहिताना हा शब्द वापरावा आणि पुढे एका वाक्यात त्याचा अर्थही द्यावा. येथे आणखी एक सूचना अत्यावश्यक आहे. ही जमीन शेतकऱ्यांची आहे. उभ्या पिकातून जाऊ नये, बांधावरून चालावे आणि शेतात कोणी असल्यास आधी विचारावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
अ) ‘फेरफटका’ आणि ‘पायपीट’ यांतील अर्थभेद दोन वाक्यांत सांगा.
आ) ‘उतार’ या शब्दाचे दोन अर्थ द्या.

५.२.२ तालीम आणि फड : फारसी-अरबी थर

जालन्यात आलेल्या पाहुण्याला कुस्तीची आवड असेल, तर त्याने एक गोष्ट जाणून घ्यावी. डिसेंबर २०१८ मध्ये ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाची स्पर्धा जालना शहरात झाली. अंतिम लढतीत बुलढाण्याच्या बाला रफिक शेख याने पुण्याच्या अभिजित कटके याच्यावर विजय मिळविला. या स्पर्धेत ‘माती’ आणि ‘गादी’ असे दोन विभाग असतात व दोन्ही विभागांचे विजेते किताबासाठी एकमेकांशी लढतात. आंतरराष्ट्रीय कुस्ती ज्या आधुनिक पृष्ठभागावर होते, त्याला मराठी कुस्तीक्षेत्राने ‘गादी’ हा घरातला शब्द दिला. परकी वस्तूला जुना शब्द देऊन आपलेसे करण्याची ही पद्धत ध्यानात ठेवावी.

कुस्तीचा बराचसा शब्दसंग्रह फारसी-अरबी आहे. ‘कुस्ती’ आणि ‘पैलवान’ हे शब्द फारसीतून आले. ‘वस्ताद’ हा फारसी ‘उस्ताद’चा मराठी अवतार होय. ‘तालीम’ हा अरबी शब्द असून त्याचा मूळ अर्थ शिक्षण असा आहे. उर्दूत ‘तालीम’ म्हणजे आजही शिक्षणच. मराठीत मात्र त्याचा अर्थ आकसून व्यायामाची जागा असा झाला, आणि नाटकाच्या संदर्भात सराव असाही झाला. ‘आखाडा’ हा शब्द मात्र संस्कृत ‘अक्षवाट’ या शब्दापासून प्राकृतातून उतरला आहे. ‘जोर-बैठका’ या जोडशब्दात ‘जोर’ फारसी आणि ‘बैठक’ देशी आहे. मध्ययुगात दोन भाषासमूह एकाच मातीत उतरले होते, याचा हा शाब्दिक पुरावा होय.

जत्रेतील कुस्त्यांच्या कार्यक्रमाला ‘फड’ किंवा ‘दंगल’ म्हणतात. ‘दंगल’ शब्दाला दंगा असाही अर्थ असल्यामुळे नुसते ‘गावात उद्या दंगल’ असे लिहिणे टाळावे. ‘कुस्त्यांची दंगल’ असे पूर्ण लिहावे. कुस्ती ‘लावतात’, पैलवान ती ‘खेळतो’ अथवा ‘लढतो’, जिंकणारा ती ‘मारतो’, आणि निकाल न लागल्यास ती ‘बरोबरीत सोडवतात’. नामाबरोबर कोणते क्रियापद यावे, हे शब्दकोशात सहसा सापडत नाही. ते कानांनी शिकावे लागते. म्हणूनच माहिती लिहिणाऱ्याने एकदा तरी फडात जाऊन बसावे.

पाहुण्याला तालमीत जाता येईल का? बहुतेक ठिकाणी विचारल्यास पाहू देतात. रीत साधी आहे. पादत्राणे बाहेर काढावीत. आखाड्याची माती तेल, ताक, हळद यांसारखे पदार्थ घालून मेहनतीने तयार केलेली असते. परवानगीशिवाय तीत पाय ठेवू नये. तालमीत मारुतीची तसबीर किंवा मूर्ती असते, आणि या जिल्ह्यात त्या मारुतीला एक स्थानिक संदर्भही आहे. बलोपासनेचा पुरस्कार करणाऱ्या समर्थ रामदासांचा जन्म १६०८ मध्ये घनसावंगी तालुक्यातील जांब येथे झाला.

येथे एक प्रामाणिक विधान केले पाहिजे. जुन्या तालमी परंपरेने पुरुषांच्याच राहिल्या आहेत. ‘सर्वांसाठी खुले’ असे लिहून एखाद्या स्त्रीला तेथे पाठविणे आणि दारातून परत फिरावे लागण्याची वेळ तिच्यावर आणणे, हा माहितीचा दोष आहे. आधी चौकशी करावी. प्रवेश असेल तर वेळेसह लिहावे, नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. गावाविषयीच्या प्रेमामुळे अशा गोष्टी वगळण्याचा मोह होतो. तो आवरावा.

५.२.३ मैदानी खेळ : देशी आणि द्राविडी थर

संध्याकाळी शाळेच्या मैदानावर किंवा क्रीडा संकुलात गेल्यास पाहुण्याला कबड्डी व खो-खो पाहावयास मिळण्याची शक्यता असते. ‘खेळ’ हा घरातला शब्द, ‘क्रीडा’ हा शासकीय व औपचारिक शब्द. फलकावर ‘क्रीडा संकुल’ लिहिलेले असते आणि वाट विचारताना लोक ‘ग्राउंड’ किंवा ‘स्टेडियम’ म्हणतात. पाहुण्याला दोन्ही नावे ठाऊक असणे आवश्यक आहे. अन्यथा तो फलकासमोर उभा राहूनही पत्ता विचारीत राहील.

कबड्डीला महाराष्ट्रात ‘हुतूतू’ म्हणत. तमिळनाडूत याच प्रकारच्या खेळाला ‘चडुगुडु’ असे नाव आहे. चढाई करणाऱ्याने एका दमात उच्चारावयाचा ध्वनी हेच खेळाचे नाव झाले. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धांत पदकाचा खेळ म्हणून ‘कबड्डी’ हे नाव जगापुढे गेले आणि ‘हुतूतू’ हे नाव जुन्या पिढीच्या आठवणीत राहिले. खेळ तोच राहिला, तरी प्रमाणीकरणात बाकीची नावे मागे पडली. ‘चढाई’ आणि ‘पकड’ हे शब्द मात्र टिकले. संपूर्ण संघ बाद झाल्यावर होणारे ‘लोण’ही टिकले.

‘लोण’ हा शब्द आट्यापाट्यांतही आहे. त्या खेळात जमिनीवर नऊ पाट्या आखतात. पहिली कपाळपाटी, शेवटची लोणपाटी आणि सर्वांना मधोमध छेदणारी ती सूरपाटी. सर्व पाट्या हुलकावण्या देत ओलांडून परत येणारा गडी लोण घेऊन येतो. ‘नव्या फॅशनचे लोण खेड्यापर्यंत पोहोचले’ असे आपण वर्तमानपत्रात वाचतो, तेव्हा या मैदानाची आठवण फारच थोड्यांना होते. खेळ विस्मरणात गेला आणि वाक्प्रचार मागे उरला.

खो-खोतही असाच एक भाषिक प्रश्न दडलेला आहे. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ खेळाडू एका रांगेत आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. नववा पाठलाग करतो. तो बसलेल्या सहकाऱ्याच्या पाठीला स्पर्श करून ‘खो’ म्हणतो व त्याची जागा घेतो. म्हणजे खेळात ‘खो देणे’ हे सहकार्याचे काम आहे. मग व्यवहारात ‘त्याने कामात खो घातला’ याचा अर्थ अडथळा आणला असा का होतो? धावणाऱ्याच्या बाजूने पाहिल्यास प्रत्येक खो हा नवा अडथळाच असतो, असे याचे एक स्पष्टीकरण देता येईल. ‘देणे’ आणि ‘घालणे’ या दोन क्रियापदांनी एकाच शब्दाच्या दोन बाजू वाटून घेतल्या आहेत. या खेळाचे नियम महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिखित स्वरूपात आले आणि जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुष व महिला या दोन्ही गटांत भारताने विजेतेपद मिळविले. स्त्री पाहुणीला तालमीच्या दारातून परत यावे लागत असेल, तर खो-खोच्या मैदानावर तिला निःसंकोच पाठविता येते.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत मौल्यवान खेळ विटी-दांडू हा आहे. आपल्यापैकी अनेकांनी बालपणी ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ अशी मोजणी केली असेल. प्रत्येक शब्दागणिक विटी वेगळ्या रीतीने मारावयाची असते. हे शब्द निरर्थक वाटतात. परंतु तेलुगूतील एक, दोन, तीन, चार हे अंक पाहा : ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. साम्य योगायोगाचे नाही, हे उघड आहे. चारनंतरच्या शब्दांत गावोगाव फरक पडतो.

जालना १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते आणि त्या संस्थानात तेलुगू ही एक प्रमुख भाषा होती. म्हणून हे शब्द निजामी राजवटीत मराठवाड्यात आले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो घाईचा ठरेल. कारण हेच शब्द संस्थानाबाहेरच्या पश्चिम महाराष्ट्रातही मुलांच्या तोंडी होते. एखाद्या राजवटीच्या सीमेपलीकडेही शब्द आढळत असेल, तर त्याचे कारण त्या राजवटीत शोधू नये. मराठी आणि दक्षिणेकडील भाषा यांचा सहवास त्याहून पुष्कळ जुना आहे आणि त्याची एक खूण मुलांच्या खेळाने जपली आहे. मुले शब्दांचा अर्थ विचारीत नाहीत. ती क्रम बिनचूक पुढे देतात. त्यामुळे असे अवशेष खेळात दीर्घकाळ टिकतात. मात्र खेळ थांबला की ते एका पिढीत नाहीसे होतात.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
अ) ‘तालीम’ शब्दाच्या अर्थात कोणता बदल झाला?
आ) ‘खो देणे’ व ‘खो घालणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
इ) विटी-दांडूतील मोजणीचे शब्द निजामी राजवटीमुळे आले, हे मत का स्वीकारता येत नाही?

५.२.४ क्रिकेट : नवघटित शब्द

मैदान रिकामे दिसले, तर तेथे थोड्याच वेळात क्रिकेट सुरू होते. पाहुण्याला सर्वांत सहज प्रवेश याच खेळात मिळतो. ‘एक गडी कमी आहे, येता का?’ हे आमंत्रण अनोळखी माणसालाही मिळू शकते. २०११ मध्ये कूचबिहार करंडक स्पर्धेत महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा करणारा आणि २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचे नेतृत्व करणारा विजय झोल हा जालन्याचाच.

क्रिकेटची मराठी परिभाषा हा शब्दघटनेचा उत्तम पाठ आहे. ‘गोलंदाज’ म्हणजे मुळात तोफगोळे डागणारा. ‘अंदाज’ या फारसी प्रत्ययात फेकण्याचा अर्थ आहे; ‘तिरंदाज’मध्येही तोच आहे. त्याच धर्तीवर ‘फलंदाज’ हा शब्द तयार झाला. वस्तुतः फलंदाज काही फेकत नाही. याचा अर्थ असा की मराठीत या प्रत्ययाचा मूळ अर्थ विरला आणि ‘त्या कामात कुशल असणारा’ एवढाच अर्थ उरला. ‘पायचीत’, ‘धावचीत’, ‘त्रिफळाचीत’ या शब्दांतील ‘चीत’ कुस्तीच्या आखाड्यातून आले. प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लावणे म्हणजे त्याला चीत करणे. तीन यष्ट्यांना ‘त्रिफळा’ म्हणणाऱ्याने आयुर्वेदातील परिचित शब्दाला गमतीने मैदानात आणले. आकाशवाणीवरील मराठी समालोचनाने, विशेषतः बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी, असे शब्द घरोघरी पोहोचविले. परकीय खेळ स्वीकारताना भाषेने तोफखाना, आखाडा आणि औषधालय या आपल्याच कोठारांतून शब्द काढले. नवीन शब्द घडविताना हीच रीत उपयोगी पडते.

५.२.५ पाणी : जेथे शब्द चुकणे घातक ठरते

मराठवाड्यात पुष्कळांनी पोहणे विहिरीत शिकले. पाठीला वाळका भोपळा बांधून पाण्यात उतरविले जाई. ‘सूर मारणे’ म्हणजे डोके खाली करून उडी घेणे, ‘मुटका मारणे’ म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन उडी घेणे, ‘बुडी मारणे’ म्हणजे पाण्याखाली जाणे. हे शब्द सुंदर आहेत. तरीही पाहुण्यासाठीच्या मजकुरात ‘विहिरीत पोहण्याचा अनुभव घ्या’ असे कधीही लिहू नये. विहिरीच्या तळाशी गाळ, कपारी, पंपाचे पाइप असतात आणि ते गावकऱ्याला ठाऊक असतात, पाहुण्याला नसतात. घाणेवाडी जलाशयाच्या काठाने चालावे, पक्षी पाहावेत. पण हा जलाशय शहराच्या पिण्याच्या पाण्याचा स्रोत आहे, त्यात उतरू नये. दुष्काळ सोसलेल्या जिल्ह्यात पाण्याकडे केवळ करमणुकीचे साधन म्हणून पाहता येत नाही, हेही मजकुरातून जाणवले पाहिजे.

५.२.६ मजकुराची घडण : एक दुरुस्ती

पुढील नमुना वाचा.

‘जालना हे क्रीडाप्रेमींसाठी नंदनवन आहे. येथे आपण विविध रोमांचक उपक्रमांचा आनंद घेऊ शकता. मोती तलावाची सफर आपल्या संध्याकाळला अविस्मरणीय बनवेल. साहसी व्यक्तींसाठी येथे अनेक पर्याय उपलब्ध आहेत.’

या मजकुरात व्याकरणाची ढोबळ चूक नाही, तरीही माहितीही नाही. ‘जालना’ काढून दुसऱ्या कोणत्याही शहराचे नाव घातले तरी तो तसाच चालेल. ‘आनंद घेऊ शकता’, ‘अविस्मरणीय बनवेल’ या रचना परभाषेतील वाक्यांच्या साच्यातून आलेल्या आहेत. मराठीची स्वाभाविक रचना ‘फिरता येते’, ‘संध्याकाळ चांगली जाते’ अशी आहे. आता पुनर्लेखन पाहा.

‘मोती तलावाच्या परिसरात सकाळी किंवा सूर्यास्तापूर्वी फेरफटका मारता येतो. मार्च ते जून या काळात ऊन लवकर चढते. सकाळी आठच्या आत परतलेले बरे. सोबत पाणी ठेवावे. तलावात उतरू नये. कुस्तीची आवड असल्यास जवळच्या तालमीत चौकशी करावी. वस्तादांना विचारल्याशिवाय छायाचित्रे काढू नयेत. अर्धा दिवस हाती असेल, तर अंबडची टेकडी चढता येईल. नवरात्रात तेथे गर्दी असते.’

दुसरा मजकूर कोठे, केव्हा, किती श्रमाचे, कोणासाठी आणि कोणाला विचारावे या पाच प्रश्नांना सामोरा जातो. ज्या प्रश्नाचे उत्तर त्यात अपुरे राहिले आहे, ते शोधण्याचे काम सरावात दिले आहे. त्यातील क्रियारूपेही पाहा : ‘मारता येतो’, ‘ठेवावे’, ‘उतरू नये’. शक्यार्थ आणि विध्यर्थ यांच्या योगे मराठी भाषा ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांपैकी कोणाचाही उल्लेख न करता सल्ला देऊ शकते. लहानथोर, स्त्रीपुरुष, ओळखीचा वा अनोळखी अशा कोणत्याही वाचकाला हा सल्ला हुकूम वाटत नाही. माहितीपर लेखनात या सोयीचा पूर्ण उपयोग करावा.

५.३ सारांश

जालन्यासारख्या गावात पाहुण्यासाठी खेळ व विरंगुळ्याचे पर्याय आहेत. ते विकत मिळणाऱ्या सुविधांपेक्षा गावाच्या नित्य जीवनात अधिक आहेत. तेथपर्यंत पाहुण्याला नेणारी गोष्ट म्हणजे अचूक शब्दांतील प्रामाणिक माहिती होय. चालण्याच्या शब्दांत सूक्ष्म अर्थभेद आहेत, कुस्तीत फारसी-अरबी, विटी-दांडूत द्राविडी आणि क्रिकेटमध्ये नवघटित शब्दांचा थर आहे. खेळ थांबला की त्याचे शब्द एका पिढीत हरवतात. माहितीपर मजकुरात गौरवापेक्षा नेमकेपणाला, आणि आकर्षकपणापेक्षा वाचकाच्या सुरक्षिततेला व सन्मानाला महत्त्व द्यावे.

५.४ शब्दार्थ

अर्थच्छटा – अर्थातील सूक्ष्म फरक
अर्थोन्नयन – शब्दाला पूर्वीपेक्षा चांगला अर्थ प्राप्त होणे
तत्सम – संस्कृतातून जसाच्या तसा आलेला
दुआब – दोन नद्यांमधील प्रदेश
नवघटित – नव्याने तयार केलेला
बलोपासना – शरीरसामर्थ्याची साधना

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) फेरफटका स्वेच्छेने, थोड्या श्रमाने व विरंगुळ्यासाठी असतो. पायपीट नाइलाजाने होते व थकवते. आ) घसरण असलेला भाग, नदी पायी ओलांडण्याजोगी उथळ जागा.

प्रश्न २ : अ) ‘शिक्षण’ हा मूळ अर्थ संकुचित होऊन ‘व्यायामाची जागा’ व ‘नाटकाचा सराव’ असे अर्थ झाले. आ) नमुना : ‘तिने बसलेल्या सहकारी मुलीला खो दिला.’ ‘शेजाऱ्याने आमच्या बेतात खो घातला.’ इ) हेच शब्द त्या राजवटीच्या बाहेरील प्रदेशातही प्रचलित होते.

५.६ सरावासाठी प्रश्न व क्षेत्रीय कार्य

१. खेळांतून मराठीत आलेले कोणतेही आठ वाक्प्रचार शोधा (उदा. शड्डू ठोकणे, चारी मुंड्या चीत करणे) व प्रत्येकाचा मैदानी आणि व्यावहारिक अर्थ लिहा.
२. ५.२.६ मधील पुनर्लेखनात पाच प्रश्नांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर अपुरे आहे, ते सांगा व मजकूर पूर्ण करा.
३. आपल्या गावी एक सकाळ मोकळी असलेल्या पाहुण्यासाठी १५० शब्दांचा मजकूर तयार करा. तो लिहिण्यापूर्वी त्या जागी स्वतः जाऊन या.
४. क्षेत्रीय कार्य : आपल्या घरातील किंवा शेजारच्या साठी ओलांडलेल्या तीन व्यक्तींना विटी-दांडूतील मोजणीचे शब्द विचारा. ‘नाल’नंतरचे शब्द त्या जसे उच्चारतील तसेच लिहून घ्या, स्वतः सुधारू नका. गाव, अंदाजे वय आणि खेळण्याची पद्धत नोंदवा. शब्द आठवत नसतील, तर त्या व्यक्तीच्या हाती एक काठी द्यावी. अनेकदा हात फिरू लागला की मोजणीही आठवते.